शृंगी घुबड, उजवा पंख

मला मूर्खांचा राग येत नाही, कंटाळा येतो. राग यायला समोरचं माणूस थोडं तरी बरोबरीचं लागतं. चौतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं, त्यातली पहिली दोन वर्षं मी रागावत होते. पुढं पुढं फक्त उजव्या हाताची तर्जनी वर करायचे. ती वर गेली की वर्ग चिडीचूप. आणि एक वाक्य माझ्या वर्गात अजिबात चालत नसे: ‘माहीत नाही.’ असं म्हणणाऱ्याला मी तास संपेपर्यंत उभं करत असे. हवं तर चुकीचं उत्तर द्या, पण हात वर करून शरण येऊ नका, असा माझा खाक्या होता.

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीतली निम्मी माणसं माझ्या हाताखालून गेलेली आहेत. त्यामुळे या गल्लीकडून मी कसलीच आशा ठेवत नाही. पोरं मोठी झाली, त्यांची पोटं सुटली, कुणी नगरसेवक झाला, कुणी दुकान काढलं, पण डोकी आठवीतल्या सहामाहीला होती तिथंच आहेत. रस्त्यात भेटले की वाकून नमस्कार करतात आणि “बाई, ओळखलासा काय?” म्हणून विचारतात. मी बहुतेकांना ओळखत नाही. ओळखण्यासारखं त्यांनी काही केलेलं नसतं.

निवृत्त झाल्यावर माझं एकच काम उरलं, ते म्हणजे पिसं. माझं माहेर खानापूर तालुक्यात, गुंजी स्टेशनपासून चालत जाण्यासारखं. घराच्या मागं रान सुरू व्हायचं. शाळेतून येताना सापडतील ती पिसं मी भूगोलाच्या वहीत ठेवत असे, आणि घरी आल्यावर आई ती वही आधी अंगणात झटकायला लावायची. नवऱ्याबरोबर बेळगावात आले तशी ती वहीही आली. आता तिच्या नऊ फायली झाल्या आहेत. प्रत्येक पिसाखाली पट्टी, पट्टीवर पक्ष्याचं नाव, पंखाची बाजू, सापडल्याची जागा. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असते.

पिसावरून पक्षी ओळखणं अवघड नाही. डोकं वापरलं की झालं, म्हणून तर लोकांना ते जमत नाही. दांड्याच्या दोन्ही बाजूंची पाती सारखी रुंद असली तर पीस बहुधा शेपटीच्या मधलं. एक बाजू अरुंद असली तर पंखाचं, आणि अरुंद बाजू उडताना पुढं असते, म्हणजे पंख डावा की उजवा तेही कळतं. सुतारपक्ष्याच्या शेपटीचं पीस काडीसारखं ताठ, कारण तो तिच्यावर रेलून बसतो. घुबडाच्या पिसाची पुढची कड बारीक कंगव्यासारखी दातेरी असते आणि वरचा भाग मखमली, म्हणून घुबड उडताना आवाज होत नाही. हे सगळं मी इतक्या वेळा इतक्या जणांना सांगितलं आहे की आता सांगतानासुद्धा समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही.

गावात पक्षीमित्रांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. पक्ष्यांनी यांना कधी मित्र म्हटल्याचं ऐकिवात नाही. हातभर लांब लेन्स, खिशाखिशाच्या पॅन्टी, आणि डोक्यात भुसा. या ग्रुपात मला घेतलं ते पिसांसाठी. कुणाला पीस सापडलं की फोटो येतो, खाली हात जोडलेलं चित्र आणि ‘मॅडम, प्लीज आयडी.’ एका निवृत्त इंजिनिअरनं घारीचं पीस गरुडाचं म्हणून पाठवलं आणि मी घार म्हटल्यावर दोन दिवस वाद घातला. दुसऱ्या एकानं शुभ्र पांढरं पीस पाठवून विचारलं, बगळा की करकोचा? मी लिहिलं, ‘बॅडमिंटनचं फूल. खालचं बूच शोधा, तिथंच कुठंतरी पडलं असेल.’ तो माणूस ग्रुप सोडून गेला. मला दोन रात्री छान झोप लागली.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की त्या दिवशी समोरच्या घराची मालकीण माझ्याकडं का आली ते कळावं. पीस म्हटलं की बाई, असं गल्लीत ठरून गेलं होतं. आणि बाई चुकत नाहीत हेही ठरलेलंच होतं. ते मीच ठरवलं होतं.

समोरच्या घराच्या मागच्या बाजूला शेड आहे, तिथं चार माग. त्यांतले तीन बरीच वर्षं बंद, चौथा चालू होता. त्यावर एक विधवा बाई साड्या विणायची. पन्नाशीच्या आतबाहेरची, गोरीकाळी काही लक्षात न राहणारी, गल्लीत सगळे तिला आक्का म्हणत. विणणं सोडून तिला दुसरं काही येत नव्हतं, आणि मागाच्याच शेडला लागून असलेल्या खोलीत ती राहायची. म्हणजे माग गेला की खोलीही गेली. ती माझ्या वर्गात होती म्हणे. मला आठवत नव्हती.

मालकिणीच्या सुनेला दिवस गेले होते. आधी एकदा राहून पाचव्या महिन्यात गेलं होतं, त्यामुळे सगळं घर जीव मुठीत धरून होतं. सातव्यात ओटीभरण ठरलं. आक्कानं त्यासाठी हिरवी साडी विणली, मोठ्या हौसेनं, जरा बारीक काठाची. सून शेडमध्ये जाऊन तिच्याजवळ बसायची, दोघींचं बरं जमायचं. ओटीभरणाच्या आदल्या दिवशी साडीची घडी उलगडली तर आतून एक पीस निघालं.

झालं. मालकिणीनं साडी टाकली आणि किंकाळी फोडली. चिकोडीकडं कुठंतरी त्यांचा एक देवर्षी आहे, त्याला फोन केला. हे देवर्षीही आता फार शास्त्रीय झाले आहेत. त्यानं विचारलं, पीस कशाचं? कावळ्याकोंबडीचं असलं तर काही नाही, झटकून टाका. घुबडाचं असलं तर करणी, आणि करणारं माणूस घरातच वावरणारं. आधी पीस ओळखून घ्या, मग पुढचं सांगतो.

दुपारी चारच्या सुमारास मालकीण माझ्या दारात उभी.

“बाई, जरा येतासा काय? तुमच्याबिगार ह्ये कुनाला कळायचं न्हाय.”

मी कारण विचारलं. तिनं देवर्षीसकट सगळं सांगितलं. म्हणजे कशावर काय अवलंबून आहे ते मला घरातून निघतानाच माहीत होतं. हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर मी स्वतःला बरीच वर्षं नाही तरी काही महिने सांगत होते की मला कल्पना नव्हती.

मी हसले. म्हटलं, “चला, तुमच्या देवर्षीची परीक्षा घेऊ.” चप्पल घातली आणि निघाले. वाचायचा चष्मा टेबलावर राहिला. तो आणायला माघारी फिरले नाही.

त्यांच्या सोप्यात, पुढच्या खोलीत, आठदहा माणसं जमली होती. सून आतल्या उंबऱ्यावर भिंतीला टेकून बसली होती, चेहरा पांढराफटक. मालक होते, त्यांचा थोरला मुलगा होता, दोनतीन शेजारणी होत्या, आणि मागच्या दाराशी, सोप्यात न येता, आक्का उभी होती. मागावरून तशीच उठून आली असावी, हात पदराला पुसत होती. जमिनीवर वर्तमानपत्र, त्यावर पीस. कुणी हात लावायला तयार नव्हतं. एवढी शिकलेली घरं, दोन मुलं बेंगळुरात इंजिनिअर, आणि वीतभर पिसापासून सगळे हातभर लांब. मला इतका कंटाळा आला की मी ते सरळ उचललं.

तपकिरी, त्यावर गडद आडवे पट्टे. एक बाजू अरुंद. मी बोट फिरवलं. पृष्ठभाग मऊ, गुळगुळीत, अगदी मखमली. अरुंद बाजूची कड उजेडाकडं धरली तर तिथं बारीक बारीक दाते. कसलासा वास येत होता, तेलाचा. या घरातल्या बायका केसांना तेल थापतात, तो त्यांच्या हातांचा असणार, असं मनात येऊन गेलं.

“बाई, भिंग आनू काय तुमच्या घरातनं?” थोरला म्हणाला. “न्हायतर ह्या फोनमधी एक अॅप हाय...”

“तुझ्या फोनला दहावीला विज्ञानात किती मार्क होते?” मी विचारलं. सगळे हसले. त्यानं फोन खिशात टाकला.

खरं सांगायचं तर मला थोडी शंका होती. दांडा जरा जाड वाटत होता. मखमल होती, पण बुडापासून टोकापर्यंत सारखी नव्हती. घरी नेऊन, चष्मा लावून, भिंगाखाली धरून, फायलीतल्या पिसाशी ताडून मग सांगते, असं म्हणायला काय हरकत होती? उद्या सांगते म्हटलं असतं तर आभाळ कोसळलं नसतं. पण आठदहा तोंडं माझ्याकडं लागली होती, त्यांतली चार माझ्या विद्यार्थ्यांची, आणि त्या तोंडांसमोर ‘पाहून सांगते’ हे मला ‘माहीत नाही’सारखंच ऐकू येत होतं.

“घुबड,” मी म्हणाले. “शृंगी घुबड. उजवा पंख.”

सुनेनं तोंडावर हात घेतला. मागच्या दाराशी हालचाल झाली.

“बाई, त्ये पीस...” आक्का म्हणाली.

मी तर्जनी वर केली. तिच्याकडं न बघता. माझं अजून संपलं नव्हतं, आणि मधे बोललेलं मला चालत नाही. ती थांबली. मग मी दहा मिनिटं बोलले. दातेरी कड का असते, मखमल का असते, घुबड उंदीर खातं म्हणून शेतकऱ्याचा कसा मित्र आहे, आणि करणीबिरणी हा शुद्ध अडाणीपणा आहे. हे शेवटचं मी फार जोरात सांगितलं. दोनदा सांगितलं. मला वाटलं, आता यांच्या डोक्यात उजेड पडेल.

त्या दहा मिनिटांतला एकच शब्द त्यांनी ऐकला होता, आणि तो मी सुरुवातीलाच बोलून टाकला होता.

पीस तिथं ठेवायला त्यांची तयारी नव्हती. मी ते घरी आणलं, सातव्या फायलीत चिकटवलं, खाली पट्टी लिहिली: ‘शृंगी घुबड, उजवा पंख, शहापूर.’ शहरात भर वस्तीत शृंगी घुबडाचं पीस सापडलं याचा मला आनंदही झाला. ग्रुपवर टाकलं. इंजिनिअरनं टाळ्यांची चित्रं पाठवली. मी उत्तर दिलं नाही.

पुढं जे झालं ते अतिशय सभ्यपणे झालं. आमच्या गल्लीत दुष्टपणासुद्धा चहा पाजून करतात. आक्काला कुणी काही बोललं नाही, हात धरून काढलं नाही. माग दुरुस्तीला काढायचा आहे म्हणाले. मग शेडचं छप्पर बदलायचं आहे म्हणाले. तोवर खोली रिकामी कर, छप्पर झालं की बोलावतो. तिनं दोन पिशव्या भरल्या आणि निपाणीला भावाकडं गेली. साडी देवर्षीच्या सांगण्यावरून मार्कंडेय नदीत सोडून आले. छपराला कुणी हात लावला नाही.

मला हे दिसत होतं. समोरच तर घर. मी खिडकीतून बघत होते आणि म्हणत होते, काय ही अडाणी माणसं. मी एवढं स्पष्ट सांगूनसुद्धा! त्यांची कीव करण्यात माझा वेळ चांगला गेला. एकदासुद्धा उठून समोर गेले नाही.

सून दोन महिन्यांनी बाळंत झाली. मुलगी, सुखरूप.

त्यानंतर काही दिवसांनी मालकीण पेढे घेऊन आली आणि म्हणाली, माग परत सुरू केलाय, बघायला या. बनहट्टीकडचा एक म्हातारा विणकर ठेवला होता. मी बाळ बघायला म्हणून गेले, मग शेडमध्ये डोकावले. म्हातारा माग थांबवून खाली वाकला होता. भिंतीला खिळा, खिळ्याला सुतळीनं बांधलेली एक छोटी बाटली, बाटलीत तेल, आणि तेलात बुडवलेलं एक पीस. त्यानं पीस काढलं, बाटलीच्या तोंडावर निपटलं आणि मागाच्या सांध्यावरून अलगद फिरवलं. एक थेंब खाली पडला नाही.

“हे काय करताय?” मी विचारलं.

“त्याल देतोय की,” म्हातारा म्हणाला. त्याचं मराठी कानडी वळणाचं होतं. “बुदलीनं वतलं तर साडीवर डाग पडतोय. पिसानं पायजे तेवडंच लागतंय. समदी विनकर लोकं असंच करत्यात.”

“कशाचं पीस?”

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी ते बघणं लगेच ओळखलं. चौतीस वर्षं मी तसंच बघत आले होते.

“कोंबडीचं, बाई. आनि कशाचं असतंय?”

बाटलीजवळ सुतळीत आणखी दोनतीन जुनी पिसं खोचलेली होती. तपकिरी, आडव्या पट्ट्यांची. ती त्याची नव्हती. “हितंच हुती, आधीच्या बाईची,” तो म्हणाला. मी त्यातलं एक मागून घेतलं.

घरी आले. आधी चष्मा लावला, मग कपाट उघडलं, मग सातवी फाईल. पान उलटायची गरजसुद्धा नव्हती. अलीकडच्या पानावरच तेलाचा डाग फुटून आला होता. पिसाच्या भोवती कागद पारदर्शक झाला होता, आरपार दिसत होता, आणि त्या तेलकट गोलात माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, शृंगी घुबड. तीन महिने ते पीस माझ्या कपाटात तेल गाळत बसलं होतं आणि मी ती फाईल एकदाही उघडली नव्हती. जी गोष्ट मला पक्की माहीत आहे ती परत कशाला बघायची?

भिंगाखाली धरलं. मखमल म्हणजे तेलानं बसलेले तंतू. दातेरी कड म्हणजे सांध्यांवर घासून घासून तुटलेली कड. जाड दांडा जाडच होता. एखाद्या आठवीतल्या पोरीनंसुद्धा सांगितलं असतं. आमच्या माहेरी अंगणात वीसेक कोंबड्या होत्या, लहानपणी त्यांच्या पाठीमागं पळण्यात माझा अर्धा दिवस जायचा. बॅडमिंटनच्या फुलाला बगळा म्हणणाऱ्याची मी भर ग्रुपात टर उडवली होती. तो बिचारा निदान विचारत तरी होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी समोर गेले आणि मालकिणीला सांगितलं की ते पीस कोंबडीचं होतं. मागाला तेल द्यायचं. साडीची घडी घालताना चुकून आत गेलं असणार. घुबड नव्हतं. करणी नव्हती. माझी चूक झाली.

ती मायेनं हसली. माझ्यावर असं मायेनं हसलेलं मला आवडत नाही.

“ऱ्हाऊ द्या की बाई. तुमाला तिची दया आली, कळतंय मला. पन तुमी कवा चुकलासा काय? अवो, ती बी त्येच म्हनत हुती, जातानासुदिक, कोंबडीचं हाय, मागाचं हाय. म्या म्हनलं, बाईंपरास तुला जास्त कळतंय व्हय गं?”

“अगं, ती खरं सांगत होती!”

“आनि बघा की,” तिनं आवाज खाली आणला, “ती गेली आनि पोर सुखरूप झाली. आता आनि काय पुरावा पायजे?”

मी पुन्हा सांगितलं. भिंग आणून दाखवलं. दोन्ही पिसं शेजारी शेजारी ठेवली. तिनं दोन्हींकडं बघितलंसुद्धा नाही. मग मालक आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला चहा दिला. बाईंचं आता वय झालं, असं त्यांनी बायकोकडं बघून डोळ्यांनी सांगितलेलं मला दिसलं. घुबड म्हणाले तेव्हा मी विद्वान होते. कोंबडी म्हणाले तेव्हा म्हातारी झाले.

निघताना सून दारापर्यंत आली. बाळ खांद्यावर होतं. तिनं हळूच निपाणीचा पत्ता सांगितला.

“साडी लई चांगली हुती वो बाई,” ती म्हणाली. “मला एकडाव नेसाय बी मिळाली न्हाय.”

निपाणीची बस धरली. पिशवीत फाईल होती. संपूर्ण रस्ताभर मी मालकिणीला, मालकाला, देवर्षीला, गल्लीला मनातल्या मनात झोडपत होते. संकेश्वर मागं पडेपर्यंत ते पुरलं. पुढं झोडपायला कुणी उरलं नाही.

आक्काच्या भावाचं घर गावाच्या कडेला. जवळच तंबाखूच्या वखारी, खकाण्यानं मला ठसका लागला. ती ओसरीवर मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. बोटं भरभर चालत होती, पण त्या कामाला ती नवीन होती हे माझ्यासारखीलाही कळत होतं. सुपाच्या कडेला बऱ्याच विड्या मोडलेल्या पडल्या होत्या. अंगणात एक तपकिरी कोंबडी माती उकरत होती. अंगावर आडवे पट्टे.

मला बघून ती गडबडीनं उठली. पाट मांडला. “बसा की बाई. पानी आनतो.”

मी बसले नाही. आधी सांगून टाकायचं होतं.

“ते पीस कोंबडीचं होतं,” मी म्हणाले. “माझी चूक झाली.”

“व्हय,” ती म्हणाली. “ह्याच घरातल्या कोंबडीचं. हितनंच नेलतो मी पिसं. ती कवाच कापली. ही तिची पोर.”

एवढंच. ओरडली नाही, रडली नाही. परत खाली बसली आणि सूप मांडीवर ओढलं. मला ते सहन होईना.

“मग तेव्हा सगळ्यांसमोर बोलली का नाहीस?” माझा आवाज चढला. चूक माझी आणि जाब तिला.

“बोलाय लागलतो की. तुमी बोट वर केलासा.” ती विडीचं टोक दुमडत होती, वर बघितलं नाही. “आठवीत बी तसंच व्हायचं मला. बोट वर गेलं की वाचाच बसायची. त्या दिशी बी बसली. खोलीत जाऊन मग लई रडलो. म्हनलं, पन्नाशी आली, नवरा गेला, सगळं सोसलं, आनि अजून त्या बोटाला भितोय मी.”

मी माझा उजवा हात पदराखाली घेतला. तो कुठं ठेवावा ते कळेना. मग फाईल उघडली, पीस सोडवलं आणि तिच्यापुढं धरलं. का धरलं ते आजही सांगता येणार नाही. परत द्यावं असं वाटलं.

तिनं ते घेतलं, उलटसुलट बघितलं. सवयीनं अंगठा फिरवून तेल आहे का ते पाहिलं.

“अजून हाय की वलं,” ती म्हणाली. मग ते माझ्याकडं परत केलं. “ठेवा तुमच्याकडंच. हितं माग कुठाय?”

“मी सगळ्यांना सांगितलंय,” मी म्हणाले. “मालकिणीला, मालकाला. भिंग घेऊन दाखवलं. ते ऐकत नाहीत. माझं ऐकत नाहीत.”

“न्हाई ऐकायचे.” तिनं आणखी एक विडी वळली, ती मोडली, बाजूला टाकली. मग पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडं बघितलं. टोमणा नव्हता. खरंच विचारत होती, बाईंना सगळं ठाऊक असतं या जुन्या विश्वासानं.

“मग आता मी काय करू म्हंतासा, बाई?”

“माहीत नाही,” मी म्हणाले.

पाट रिकामाच होता. मी उभी होते.